जखम वाळली का?

आमच्याकडे जखम बरी होत नाही, वाळते. सोयरा विचारतो, शेजारी विचारतो, एसटीत बाजूला बसलेला अनोळखी माणूसही पट्टी बघून विचारतो, "वाळली का?" आणि जी वाळली नाही ती ओली. ओली जखम वाईट, एवढं आमच्या राहू गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या एका शब्दापायी माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला. शब्दापायी म्हणणं तसं सोयीचंच आहे. तो शब्द कोण बोललं आणि कोणाला तो ऐकायचाच होता, ते पुढं येईल.

केडगावच्या मार्था सिस्टर मागं लागल्या म्हणून हे लिहितोय. माझ्या पायाची पहिली पट्टी त्यांनीच बांधली होती. म्हणाल्या, "तुम्ही लिहा, मी ड्रेसिंगला येणाऱ्यांना वाचायला देईन." मी म्हणालो, "आजारानं मला खूप शिकवलं, असलं काही लिहिणार नाही. आजारानं मला काही शिकवलं नाही, नुसतं घेतलं." त्या म्हणाल्या, "मग तसंच लिहा."

बूट

मी रांजणगावला प्रेस शॉपमध्ये होतो. पत्र्याचे पार्ट दाबून काढायचे, तीन शिफ्ट, राहूवरून मोटारसायकलनं निघायचं आणि हमरस्त्यावर कंपनीची बस धरायची. आयटीआय केलेला धनगराचा पोरगा, चार वर्षं टेंपररी. त्या वर्षी कन्फर्मेशनच्या यादीत नाव येणार होतं. घरात तेवढी एकच गोष्ट चालू होती. आई नाही, घरात बायको सुनंदा, मी आणि आबा, म्हणजे माझे वडील.

एके दिवशी घरी येऊन बूट काढला तर पायमोजा लाल. सुनंदा म्हणाली, "अवो, ह्यो मोजा कशानं भिजला?" बघतो तर अंगठ्याच्या बुडाशी पत्र्याची कपची रुतलेली. सकाळपासून आठ तास मी तिच्यावर उभा होतो आणि मला पत्ता नव्हता. मी हसलो. "बघ, आपल्याला दुखतबिखत नाही." तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आज कुणी असं हसून सांगायला लागलं की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

तीन आठवडे झाले तरी ते भोक मिटलं नाही. उलट रुपयाएवढं झालं. तरी मी कामावर जात होतो. कन्फर्मेशनच्या वर्षात रजा घेणारा मूर्ख, असं आमच्यात मानलं जायचं.

डोळे मिटा

शेवटी सुनंदानं ओढत नेलं, केडगावला, स्टेशनजवळच्या एका छोट्या दवाखान्यात. सर्जननी जखम बघितलीच नाही आधी. म्हणाले, "डोळे मिटा. पायाला काही टोचलं की 'हां' म्हणा."

मी डोळे मिटून बसलो. बराच वेळ झाला. मी म्हणालो, "टोचा की डॉक्टर."

सुनंदाच्या रडण्याचा आवाज आला. डोळे उघडले तर त्यांचं पाच ठिकाणी टोचून झालं होतं.

रक्त तपासलं. शुगर. वय छत्तीस. डॉक्टर काय काय सांगत होते, मला त्यातलं एकच आठवतं. "पाय दुखत नाही हीच तुमची मोठी अडचण आहे. तो आता तुम्हाला काही सांगणार नाही. तुम्हीच त्याच्याकडे बघत राहायचं."

आबा संध्याकाळी दवाखान्यात आले. डोक्याला तांबडा पटका, हातात काठी, चेहऱ्यावर राग. "साखर व्हय? आमच्या सात पिढ्यांत कुनाला साखर न्हाई. ताक-भाकरीवर वाढल्यालं पोरगं. साखर उसाला आस्ती."

"आबा, रक्तात असती म्हणत्यात," मी म्हणालो.

"मग त्यांच्या रगतात आसंल," ते म्हणाले आणि जाताना माझ्या पायावरची चादर नीट करून गेले.

नऊ दिवस

मला भरती करून घेतलं. चार खाटांची खोली, खिडकीतून फलाटाचा एक तुकडा दिसायचा. सकाळी आठला मार्था सिस्टरची ट्रॉली यायची. चाकाचा कुरकुर आवाज ऐकू आला की मला घाम फुटायचा. दुखायचं नाही, तरीही. सडलेलं मांस कात्रीनं काढतात, ते दुसऱ्याच्या पायाचं काढल्यासारखं बघत पडायचं. माझ्या भीतीला काही बोट ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ती सगळीकडे असायची.

मार्था सिस्टर केडगावच्याच. बुटक्या, जाड चष्मा, बोलणं तुटक. जखम धुवायची सलाईनची बाटली त्या आधी खिडकीतल्या उन्हात ठेवायच्या. मी एकदा म्हणालो, "सिस्टर, मला गार-गरम कळतच नाही, कशाला एवढी तसदी?"

"तुमच्या पायाला कळत नाही. माझ्या हाताला कळतं ना," त्या म्हणाल्या.

त्या नऊ दिवसांत मला मिळालेली माया एवढीच, ती लिहून ठेवतो.

जखम स्वच्छ झाल्यावर त्यांनी एक ट्यूब काढली. आत पारदर्शक, लिबलिबीत औषध. त्यांनी जखमेत ते भरलं, वर पातळ पट्टी, वर कापूस. सुनंदाला जवळ उभं करून तिच्याकडून दोनदा करून घेतलं. मग आम्हा दोघांना सांगितलं, "आता नीट ऐका. घरी दोन दिवसांनी पट्टी उघडाल. आत पिवळट, बुळबुळीत दिसेल. घाबरायचं नाही. तो पू नव्हे. जेल विरघळलेलं असतं, त्यात मेलेली साल सुटून येते. धुवायचं, परत जेल, परत पट्टी. वाळू द्यायची नाही."

मी हसलो. "वाळू द्यायची नाही, तर बरी कधी व्हायची?"

"ओलीच बरी होते. कडेची नवी कातडी ओलाव्यावरून पुढं सरकते. वर खपली धरली की ती अडते. तुमच्यात कोरड्या रानात पेरतात का?"

"नाही."

"मग झालं तर."

सुनंदा मान हलवत होती. मी हलवली नाही. मला पटलं नव्हतं असं नाही. आयुष्यभर एका शब्दाचा एक अर्थ धरून बसलेल्या माणसाला तो एका सकाळी उलटा करून दिला की थोडा वेळ लागतो, एवढंच.

तुरुंगातलं औषध

घरी आलो. आबांनी ट्यूब हातात घेऊन उलटीसुलटी केली. "काय म्हनत्यात याला?"

"जेल," सुनंदा म्हणाली.

"जेल? तुरुंगातलं औषध हाय व्हय?"

आम्ही तिघंही हसलो. त्या घरात या पायावरून तिघं एकत्र हसल्याची ती शेवटची वेळ.

दोन आठवडे सुनंदानं नेमानं पट्टी केली. चुलीवर पाणी उकळून हात धुवायची, बाटली उन्हात ठेवायची, सिस्टरसारखीच. तिची जाऊ-नणंद कोणी नव्हती, ऊसतोड चालू होती, गुरं होती, तरी पट्टीची वेळ चुकली नाही. जखमेच्या कडेनं गुलाबी रेघ दिसायला लागली. रुपयाची आठाणी झाली. लोक येऊन विचारायचे, "वाळली का?" ती म्हणायची, "वाळवायची न्हाई, तशीच बरी व्हती." लोक तिच्याकडे बघून मग माझ्याकडे बघायचे, बाई डोक्यावर पडली का, अशा नजरेनं.

मग कंपनीचं पत्र आलं. महिनाअखेरीला कन्फर्मेशनची यादी लागणार, त्याआधी फिट सर्टिफिकेट घेऊन कामावर हजर व्हा. सर्टिफिकेट देणारे कंपनीच्या पॅनेलवरचे डॉक्टर शिरूरला. लंगडत तिथं गेलो. त्यांनी पट्टीकडे बघितलं, पट्टी सोडलीही नाही. "जखम ओली आहे ना? मग नाही. वाळली की या."

घरी येऊन मी आबांना तेच सांगितलं. शब्द न शब्द.

"कागद कवा लागतोय?" त्यांनी विचारलं.

"महिनाअखेर."

त्यांनी बोटांवर दिवस मोजले.

बघू दे आबांना

आबांबद्दल इथं सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही त्यांना अडाणी म्हातारा समजाल आणि मोकळे व्हाल. आमची मेंढरं होती तोवर आबांच्या हाताला तीन गावांत तोड नव्हती. पावसाळ्यात चिखलानं मेंढराचं खूर सडतं, त्यात अळ्या पडतात, मेंढरू गुडघ्यावर चरायला लागतं. आबा ते खूर चाकूनं साफ करायचे, आतलं सगळं पुसून काढायचे आणि मोरचूद भरायचे. निळा मोरचूद, भाजून, तेलात खलून. चार दिवसांत खूर खडखडीत वाळायचं आणि मेंढरू चालायला लागायचं. लोक रात्रंदिवस बोलवायला यायचे. आबांनी कधी कुणाकडून चहापलीकडं काही घेतलं नाही. मेंढरं विकून ऊस लावला तरी चार शेरडं-मेंढरं दारात होती आणि मोरचुदाची पत्र्याची डबी भिंतीतल्या देवळीत होती.

त्या दिवशी सुनंदा पट्टी सोडत होती. आबा ओट्यावर येऊन बसले. आत पिवळट बुळबुळीत, सिस्टरनी सांगितलं होतं तसंच.

"पू झालाय," आबा म्हणाले.

"न्हाई आबा. औषध विरघाळतंय त्ये. सिस्टरनी दाखवलंय मला."

"मला पू शिकवती व्हय गं? हजार खुरं झाडली म्या ह्या हातानं."

"मेंढराची झाडली, आबा." सुनंदा कधी आबांना उलटून बोलायची नाही. तेव्हा बोलली. "ह्यो मानसाचा पाय हाय."

आबांनी तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "दत्ता, तू सांग. कागद पायजे का न्हाई? म्या वाळवून देतो."

मला माहीत होतं तो पू नव्हता. हे मी आज लिहून ठेवतो, कारण घरात अजून कोणाला मी ते कबूल केलेलं नाही. मला माहीत होतं, सिस्टरचा आवाज कानात होता, गुलाबी रेघ मी स्वतः पाहिली होती. आणि डोळ्यांसमोर यादी होती. मी सुनंदाला म्हणालो, "बघू दे आबांना."

तीन शब्द. सुनंदानं हातातला कापूस ताटलीत ठेवला आणि उठून आत गेली.

आबांनी फडक्यानं सगळं पुसून काढलं, लाल होईपर्यंत. गुलाबी रेघही गेली. मग मोरचूद भरला. मेंढराला लावताना दोघं जण धरायला लागायचे, एवढं ते झोंबतं. मी ओट्यावर पाय सोडून चहा पीत होतो.

"बघ," आबा आत ऐकू जाईल असं म्हणाले, "हूं का चूं न्हाई. धनगराचं रगात हाय."

न दुखणं हाच माझा रोग होता आणि माझ्या बापाला त्याचं कौतुक वाटत होतं. मलाही वाटलं.

वाळली

असं एक दिवसाआड केलं. आठ दिवसांत काळीभोर, टणक खपली धरली. बोटानं वाजवली तर टकटक वाजायची. वाडीतली माणसं बघायला आली. "वाळली की!" प्रत्येक जण म्हणत होता आणि आबा मान वर करून ऐकत होते. सुनंदानं अर्धी उरलेली ट्यूब देवळीत डबीशेजारी ठेवून दिली. त्या आठवड्यात ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

शिरूरच्या डॉक्टरांनी या खेपेला पट्टी सोडायला लावली. पेनाच्या टोकानं खपलीवर टकटक केलं. "ड्राय आहे. फिट." सही, शिक्का. अर्ध्या मिनिटाचं काम. बाहेर येऊन मी तो कागद चार वेळा वाचला आणि स्टँडवर पेढे घेतले, शुगरवाल्या माणसानं. घरी आल्यावर आबांनी कागद वाचता येत नसताना हातात धरून बघितला.

वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात, ते मी माझ्या पायात घेऊन हिंडत होतो.

कुछ मरा है क्या

कामावर गेल्याच्या सहाव्या दिवशी, सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये बसलो होतो. अंग कसकसत होतं, पण ते थकव्यानं असेल म्हटलं. माझ्या मागच्या सीटवर कॉन्ट्रॅक्टचे दोन बिहारी कामगार होते. त्यातला एक उठून इकडंतिकडं बघायला लागला. "भाईसाब, कुछ मरा है क्या इधर?"

लोक सीटखाली वाकून बघायला लागले. उंदीर असेल, कोणी म्हणालं. मीही वाकलो. खरंच सांगतो, मीही सीटखाली उंदीर शोधला.

भालेराव वाकला नाही. भालेराव माझा मशीनवरचा जोडीदार, शिरूरचा, तोंडावर बोलणारा माणूस. तो माझ्या बुटाकडं बघत होता. हळू आवाजात म्हणाला, "दत्ता, राग मानू नकोस. उतर माझ्याबरोबर."

हमरस्त्यावर ठेवलेल्या त्याच्या गाडीवर मागं बसून मी केडगावला गेलो. राहूला निरोप पाठवून त्यानं सुनंदालाही बोलावून घेतलं.

मार्था सिस्टरनी मोजा कापून काढला. खपली होती तशीच होती, काळी, टणक, वाळलेली. त्यांनी चिमट्यानं कड उचलली. पुढचं लिहीत नाही. तुम्हाला ड्रेसिंगला बसून वाचायचंय.

"काय लावलंत?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

दारात सुनंदा उभी होती, धापा टाकत. ती म्हणाली, "मोरचूद लावला."

सिस्टर स्टुलावर बसल्या. चष्मा काढून पदराला पुसला, परत घातला. मला वाटलं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी बाटली घेतली आणि त्या दिवशी ती उन्हात ठेवली नाही, वेळच नव्हता.

सही

पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. आधी अंगठा कापला, मग तीन दिवसांनी म्हणाले, वरपर्यंत गेलंय, जीव वाचवायचा तर गुडघ्याखाली. कागदावर सही सुनंदानं केली. आबा बाहेर बाकड्यावर बसले होते. पटका काढून मांडीवर ठेवला होता. मी त्यांचं उघडं डोकं त्याआधी फक्त आईच्या मयतीत बघितलं होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा पांघरूण एका बाजूला सपाट होतं. आबा खाटेजवळ आले. बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. मी वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू.

ते म्हणाले, "वाळंल आता."

मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

नंतर

थोटक्याची जखम भरायला दोन महिने लागले. तीच ट्यूब, तीच पट्टी, तेच पिवळट बुळबुळीत. सुनंदाच करायची. पहिल्या दिवशी घरी ट्यूब उघडताना तिनं एकदाच बोलून घेतलं. "तुमचं दोघांचं वाळवून झालं आसंल तर सांगा. मग मी सुरू करते."

मी पाय पुढं केला. आबा ओट्यावरून उठून मेंढरांकडं गेले. त्यानंतर पाच वर्षांत तिनं तो विषय काढला नाही आणि त्यामुळं तो घरातून कधी गेलाही नाही.

कन्फर्मेशनच्या यादीत माझं नाव होतं. भालेराव सांगायला आला होता. एका पायाच्या माणसाला प्रेसवर कोण उभं करणार? नंतर मला गुऱ्हाळावर काम मिळालं, वजनकाट्यावर बसायचं. शुगरच्या पेशंटला गुळाचा काटा. दिवसभर गुळाच्या वाफेत बसायचं आणि संध्याकाळी नकली पाय काढून बिनसाखरेचा चहा प्यायचा. हसा, लोक हसतातच.

आबांशी मी जवळजवळ वर्षभर बोललो नाही. एका घरात, एका चुलीवरचं खात. त्यांनी उरलेली मेंढरं विकली. एकदा देवळीत बघितलं तर डबी नव्हती. कोणी खूर सडलं म्हणून बोलवायला आलं की आतूनच म्हणायचे, "म्या सोडलं त्ये." बोलवणारा माझ्या पायाकडं बघायचा आणि निघून जायचा. मेंढरांचं नशीब चांगलं, मी मनात म्हणायचो. असा विचार केल्यावर बरं वाटायचं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटायची नाही.

माणसं मला सांगायची, "आरं, बापानं भल्यासाठीच केलं." मला ठाऊक आहे. माझ्यासाठीच केलं, माझ्या कागदासाठी केलं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? म्हणून तर राग जात नाही. वाईट बुद्धीनं केलं असतं तर शिव्या देऊन एकदाचा मोकळा झालो असतो.

सिस्टरना दिलेला शब्द पाळतो आणि ज्यांच्या घरी आज पट्टी सोडायची आहे त्यांना सांगतो. दोन दिवसांनी आत पिवळट दिसेल. आधी वास घ्या. घाण वास येत असेल, कडा लाल-गरम असतील, ताप असेल तर घरी बसू नका, दवाखाना गाठा. वास नसेल तर जे सांगितलंय तेच करा. घरातलं मोठं माणूस, ज्याच्या हाताला गुण आहे, ते जवळ आलं तर त्याला चहा द्या आणि पट्टी तुम्हीच बांधा. आणि तुम्हाला कशासाठी तरी जखम लवकर वाळायला हवी असेल, कामासाठी, लग्नासाठी, परीक्षेसाठी, तर पट्टी दुसऱ्याला बांधू द्या. तुमचा भरवसा नाही.

आमच्या घराला

गेल्या वर्षी आबांना लकवा आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. पडून पडून कमरेखाली जखम झाली, आणि एक दिवस मी गुऱ्हाळावरून येताना केडगावला जाऊन तीच ट्यूब घेऊन आलो. मार्था सिस्टरनी कोणासाठी म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

पट्टी मी करतो. सुनंदा आबांना कुशीवर धरते, मी खाली बसून धुतो, जेल भरतो. बाटली उन्हात ठेवतो. का ठेवतो ते मला विचारू नका. आबांचं अंग त्या बाजूला बधिर आहे, त्यांना काही कळत नाही. मी एकदा म्हणालो, "दुखतंय का आबा?" त्यांनी मान हलवली, नाही. मग माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

परवा शेजारचे नामदेव मामा भेटायला आले. आबांच्या वयाचे, मेंढरांमागं दोघं बरोबर हिंडलेले. मी पट्टी सोडत होतो. मामा वाकून बघायला लागले.

"आरं दत्ता, पू झालाय की! पुस त्यो आधी. राख दाब जरा, चार दिसांत वाळंल."

त्यांनी बाजूचं फडकं उचललंही. सुनंदा काही बोलणार तेवढ्यात आबांचा चालता हात वर आला आणि त्यानं मामांचं मनगट धरलं.

"हात लावू नगंस," आबा म्हणाले. एक एक शब्द ओढून काढत होते. "पू न्हाई त्यो."

मामा थांबले.

आबा धापा टाकत होते. मग म्हणाले, "कळाया एक पाय लागला आमच्या घराला."

सुनंदा माझ्याकडं बघत होती. तिला वाटलं असेल, आता तरी माझं काहीतरी सुटेल. पाच वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होतो आणि ते आलं होतं, माझ्यासमोर, मामांना उद्देशून.

मी जेल भरलं, पट्टी बांधली, ट्यूबचं टोपण लावलं. आमच्या घराला, म्हणाले. पाय माझा होता.